सिकलसेल : एका प्रथिनातील बिघाड

सिकलसेल हा शब्द विदर्भातील आपल्या वस्त्यांना नवा नाही; त्याचे कारण मात्र अनेकांस ठाऊक नसते. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. त्याच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच काय तो बिघाड. परंतु प्राणवायू सोडताच असे रेणू एकमेकांस चिकटून ताठर तंतू बनतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडे, सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांत नष्ट होते, म्हणून रक्तक्षय. दोष रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखविले. पूर्वजन्मीचे पाप आणि करणी यांना येथे जागाच उरत नाही.

दोष एकाच पालकाकडून आला तर 'एएस', म्हणजे वाहक. त्यास सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास हा धोका २५ टक्के. बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात सजातीय विवाह हे जातीचे मर्म ठरविले; त्याच कुंपणात दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. तरीही वधूवर मेळाव्यात पोटजात विचारणारे आपले लोक रक्ततपासणी म्हटले की गप्प होतात, आणि वाहक मुलीलाच दोषी धरतात. वास्तविक जोडीदाराच्या रक्तात सिकलसेल, थॅलेसेमिया वा हिमोग्लोबिनचा अन्य आनुवंशिक दोष नसेल, तर वाहक मुलीचे एकही अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही.