भाग 23: गाईडचा राष्ट्रपती पुरस्कार, आणि माझ्या लॉगबुकमधलं एक खोटं पान

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा सिटी बसच्या आवाजात काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे "अं... म्हणजे..." काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या जूनमध्ये माझ्या मामेबहिणीचा फोन आला. नववीत आहे, मुकुंदवाडीत राहते. इथे तिला आपण छोटी म्हणू.

"ताई, तू गाईडमध्ये होतीस ना? मला राष्ट्रपती पुरस्काराची तयारी करायचीय. सेवा प्रकल्प कोणता घेऊ? वृक्षारोपण घेते, सोपं पडेल."

सोपं पडेल. आठवीत असताना मीसुद्धा हेच दोन शब्द म्हणाले होते. म्हणून आजचा भाग.

हे गाईड म्हणजे नेमकं काय?

शाळेत निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि डाव्या हाताने हस्तांदोलन करणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. त्या गाईड. मुलगे स्काऊट. 1907 मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली बोलावणं नसताना तिथे हजर झाल्या. आम्हालाही यायचंय, म्हणाल्या. 1910 मध्ये मुलींची वेगळी संघटना उभी राहिली, आणि 1911 मध्ये भारतातली पहिली गाईड कंपनी जबलपूरला सुरू झाली. हो, गाईडच्या गटाला "कंपनी"च म्हणतात. माझी पहिली कंपनी तीच, पगार नव्हता एवढंच.

स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला "भारत स्काऊट्स आणि गाईड्स" ही संस्था झाली, आणि 15 ऑगस्ट 1951 ला मुलींची संघटना तिच्यात सामील झाली. जगभरच्या गाईड चळवळीची पाच जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं एक आपल्या पुण्यात आहे. त्याचं नाव "संगम", सुरू झालं 1966 मध्ये. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात.

पायऱ्या कशा असतात?

साधारण दहा ते सतरा वर्षं वयाच्या मुली गाईड होऊ शकतात. त्याआधी बुलबुल, त्यानंतर रेंजर. गाईडच्या पायऱ्या अशा: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्यपुरस्कार, आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. राज्यपुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते, राष्ट्रपती पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रपतींची.

मधली पायरी गाळता येत नाही. प्रत्येक पायरीवर ठराविक महिने काम करावं लागतं, म्हणजे पूर्ण प्रवास काही वर्षांचा असतो. दहावीत जाग आली तर गाडी सुटलेली असते. पाचवी-सहावीत सुरुवात केलेली बरी. वाटेत गाठी येतात, प्रथमोपचार येतो, नकाशा आणि होकायंत्र, तंबू, उघड्यावरचा स्वयंपाक, वेगवेगळे बॅज. सहा-आठ मुलींचा एक संघ असतो आणि संघनायिकेला तो चालवावा लागतो. या सगळ्याची नोंद लॉगबुकमध्ये करायची आणि शेवटी चाचणी शिबिरात दुसऱ्याच परीक्षकांसमोर उभं राहायचं. कोणते बॅज लागतील, अटी काय, हे वेळोवेळी बदलतं. सध्याची यादी आपल्या गाईड कॅप्टनकडून किंवा जिल्हा कार्यालयातून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका.

फायदा काय, असं विचाराल. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते आणि तिथे राष्ट्रपती पुरस्कार ही पात्रता धरली जाते. बायोडेटात एक ओळ वाढते. हे खरं आहे, लपवायचं कशाला? पण त्या ओळीपाठीमागे काय उभं आहे, हा आजचा मुद्दा.

माझं खोटं पान

राज्यपुरस्कारासाठी आम्ही आठ जणींनी शाळेमागच्या रस्त्याला 40 रोपं लावली. कडुनिंब आणि करंज. जुलै महिना, मस्त पाऊस, पाहुणे आले, फोटो निघाले. लॉगबुकमध्ये मी शीर्षक दिलं "वृक्षारोपण व संवर्धन". त्यातलं वृक्षारोपण झालं. संवर्धनाची पानं मी शिबिराच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिली. "दर रविवारी पाणी घातले." बारा रविवार, एकच पेन, एकच शाई. कुणी करायला सांगितलं नव्हतं. माझंच डोकं.

पुरस्कार मिळाला. आईने प्रमाणपत्र फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं, अजून तिथेच आहे.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. समोरच्या सरांनी बायोडेटा वाचला आणि विचारलं, "त्या 40 पैकी आज किती झाडं आहेत?"

इंजिनिअरचा प्रश्न. काय केलंस हे नाही विचारलं, आज काय चालू आहे ते विचारलं. मी म्हणाले, "बरीचशी जगली, सर." नोकरी मिळाली. त्या रात्री आनंदाचे पेढे माझ्या घशाखाली नीट उतरले नाहीत.

छोटीचा फोन आला त्या रविवारी मी पहिल्यांदा त्या रस्त्याला गेले. 40 पैकी एक झाड होतं. एक कडुनिंब, चांगला दुमजली उंचीचा, आणि त्याच्याखाली चहाची टपरी. टपरीवाल्या काकांना विचारलं, याला पाणी कुणी घातलं हो?

"कुणी म्हणजे? रोज गिलास विसळतो, ते पाणी कुठं फेकू? ह्याच्याच बुडाला वततो. आता सावली झाली, गिऱ्हाईक थांबतंय."

त्यांना संवर्धन हा शब्द कुणी सांगितला नव्हता. ग्लास रोज विसळावेच लागतात, म्हणून झाड जगलं. आमचा रविवार मात्र आमच्या मर्जीवर होता, आणि आठव्या दिवशी मर्जी संपली. मी छोटीला फोन केला. म्हटलं, झाड नको लावूस. आधी तुमच्या गल्लीत लोक न सांगता काय करतात ते बघ.

ड्रमचा प्रकल्प

संभाजीनगरकरांना हे सांगायला नको. जायकवाडी भरलेलं असो की नसो, नळाला पाणी काही रोज येत नाही. कधी पाच दिवसांनी, कधी आठ. म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, हौद. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आपलं नळाचं वेळापत्रक आणि डासाचं वेळापत्रक किती जवळ आहे बघा.

छोटीच्या संघाने 24 घरं घेतली. टॉर्च, वही आणि पांढरी वाटी, कारण पांढऱ्यावर अळी पटकन दिसते. पहिल्या फेरीत 9 घरांत अळ्या सापडल्या. अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं गुणिले 100, याला हाउस इंडेक्स म्हणतात. 9 भागिले 24, म्हणजे 37.5. आता हातात एक आकडा आला.

मुलींनी घरोघरी सांगितलं, "आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, ड्रम रिकामा करा." एका मावशींनी दारातच ऐकवलं, "रिकामा करू? पाणी तू आणून देतीस का?" बरोबरच होतं त्यांचं.

मग जुन्या साडीचं कापड ड्रमवर सुतळीने बांधलं. छान सपाट गाठी, गाईडमध्ये शिकलेल्या. तिसऱ्या आठवड्यात मोजलं तर 10 घरं! वाढलंच. कारण ड्रम दिवसातून दहादा उघडतो, दरवेळी गाठ सोडून बांधणार कोण? छोटी रडवेली झाली. "ताई, हा आठवडा लॉगबुकमध्ये नको ना लिहायला?"

मी माझ्या बारा रविवारांची गोष्ट तिला सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. तिने 10 हा आकडा लिहिला. शेजारी कारणही लिहिलं.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. सुतळीऐवजी कापडाला इलॅस्टिक शिवलं, मिक्सरच्या कव्हरला असतं तसं. ओढलं की निघतं, सोडलं की बसतं. दुसरं, वेगळा कोरडा दिवस ठेवायचाच नाही. नळ यायच्या आधी उरलेलं पाणी एका भांड्यात काढायचं, रिकामा ड्रम आतून घासायचा, मग भरायचा. घासणं महत्त्वाचं, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. नळाची वाट तर सगळे बघतातच, त्या वाट बघण्यात हे पाच मिनिटांचं काम बसवलं.

दहाव्या आठवड्यात, पावसाळा भरात असताना, 24 पैकी 3 घरं. 12.5. शून्य नाही. पण खरा आकडा.

प्रकल्प निवडताना विचारायचे चार प्रश्न

न्यू जर्सीत आमच्या नात्यातली एक मुलगी गर्ल स्काऊट आहे. तिथला सर्वोच्च सन्मान म्हणजे गोल्ड अवॉर्ड, त्यासाठी किमान 80 तास काम करावं असं सुचवतात. तिथेही अडचणीचं मूळ शोधा, परिणाम मोजा आणि तुम्ही गेल्यावरही काम चालू राहील असं बघा, असा आग्रह असतो. देश कुठलाही असो, प्रश्न सारखेच. मी ते आपल्या भाषेत मांडते.

एक, ही अडचण कुणाची आहे? त्या माणसाला विचारलंत का? मावशींना आधी विचारलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

दोन, सुरुवातीला काय मोजलं? आधीचा आकडा नसेल तर नंतर काय बदललं ते कळणार कसं?

तीन, काम कुठल्या रोजच्या सवयीला बांधलंय? ग्लास विसळणं, नळ येणं, शाळेची घंटा. उत्साहाला बांधलं तर उत्साहाबरोबर संपतं.

चार, किल्ली कुणाच्या हातात दिली? छोटीच्या संघाने तपासणीची वही गल्लीतल्या बचत गटाकडे दिली, आणि आशाताईंना ती कशी भरायची ते दाखवलं. पुढच्या वर्षी या मुली दहावीच्या अभ्यासात बुडतील, तेव्हाही वाटी आणि टॉर्च फिरत राहील.

नेतृत्व म्हणजे पुढे उभं राहून भाषण, असं मला आठवीत वाटायचं. 10 घरं सापडल्यावर तो आकडा पेनाने लिहिणं, हे मला छोटीकडून शिकायला मिळालं.

तिचं चाचणी शिबिर अजून व्हायचंय. पुरस्कार मिळेल की नाही, माहीत नाही. तुम्हाला कळवीनच.

आणि हो, माझं जुनं लॉगबुक आईच्या कपाटात सापडलं. बारा रविवारांच्या पानाखाली मी परवा तारीख घालून लिहिलं: "पाणी घातले नाही. 40 पैकी 1 झाड जिवंत. पाणी घालणारे: टपरीवाले काका." आईने विचारलं, आता याचा काय उपयोग? म्हटलं, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर उत्तर बरोबर द्यायला.

तुमच्या शाळेत गाईड किंवा स्काऊट होतं का? तुम्ही लावलेलं काही अजून चालू आहे का? एकदा जाऊन बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. "एकही नाही" असं उत्तर असेल तरी पाठवा. भेटू पुढच्या भागात!