वॉटर्लूचा चिखल
सेर्गेई बोंदारचुकचं नाव निघालं की जाणकार थेट 'वॉर अँड पीस'कडे वळतात. ऑस्करही त्यालाच मिळालं. १९७० साली आलेला त्याचा 'वॉटर्लू' मात्र तिकीटबारीवर आपटला; स्टॅन्ली कुब्रिकचा नियोजित नेपोलियनपट बारगळण्यामागे या अपयशाचाही हात होता, असं सांगतात. पडेल सिनेमा हा शिक्का अजून पुसलेला नाही. माझ्या मते आपण तो चुकीचा नायक शोधत पाहिला. नेपोलियनचं चरित्र म्हणून तो उणाच आहे. पण त्याचा खरा नायक आहे बेल्जियममधला एक भिजलेला उतार, आणि जमीन लढाईचा निकाल कसा लावते हे इतकं स्वच्छ दाखवणारा युद्धपट विरळा.

१७ जून १८१५च्या रात्री वॉटर्लूला धो धो पाऊस पडला. चिखलात तोफा हलत नाहीत, गोळे उसळी न घेता रुततात. म्हणून दुसऱ्या दिवशी नेपोलियन जमीन वाळण्याची वाट पाहत जवळजवळ दुपारपर्यंत थांबला. तेवढ्या वेळात वेलिंग्टनच्या मदतीला निघालेले सेनापती ब्ल्यूखरचे प्रशियन जवळ सरकले. पुस्तकात हे एका वाक्यात उरकतं. बोंदारचुकने ते जमिनीवर उभं करायचं ठरवलं. युक्रेनमधल्या उझहोरोदजवळ दोन टेकड्या सपाट केल्या, ५,००० झाडं लावली, शेतं पेरली आणि हुकमी चिखल व्हावा म्हणून सुमारे १० किलोमीटर नळ जमिनीखाली घातले. सोव्हिएत सैन्यातले १५ हजारांवर जवान महिनोन्‌महिने जुनी कवायत शिकले. हा निर्माता दिनो दे लॉरेंतिसचा नुसता थाट होता, असा आक्षेप घेता येतो. नेपोलियनचा मार्शल नेय याच्या घोडदळाच्या हल्ल्याचा प्रसंग पाहिला की तो टिकत नाही.

इंग्रज सेनापती वेलिंग्टनने आपलं पायदळ उताराच्या पाठीमागे घेतलं. इंग्रज पळाले असं समजून मार्शल नेय पायदळाची साथ न घेता घोडदळ घेऊन सुटला. माथा ओलांडताच समोर संगिनी रोखलेले पायदळाचे चौकोन. इथे कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर जातो. पुराचं पाणी खडकांना वळसा घालून वाहावं तसे हजारो घोडे चौकोनांभोवती फिरताना दिसतात, आणि घोडा संगिनीच्या भिंतीवर का चढत नाही हे एक शब्दही न उच्चारता कळतं. चित्रीकरणात घोडे अंगावर येताना पाहून काही जवान खरोखरच रांग मोडून पळाले होते म्हणे. संगणकावर बनवलेल्या फौजेला ही धास्ती कुठून येणार?

इतिहासाच्या अंगाने केलेली तक्रार जास्त गंभीर आहे. वेलिंग्टनच्या फौजेत निम्म्याहून अधिक लोक डच, बेल्जियन आणि जर्मन होते. सिनेमात ते जवळजवळ नाहीतच. क्वात्र ब्राच्या लढाईत दोन दिवस आधी मेलेला 'लॉर्ड हे' हा ब्रिटिश अधिकारी इथे वॉटर्लूला मरतो. या चुका झाकायचं कारण नाही. मात्र त्या माणसांबाबतच्या आहेत. पाऊस, उशीर, उतार, चौकोन ही लढाईची कारणमीमांसा शाबूत राहते. रॉड स्टायगरचा नेपोलियन आरडाओरडा फार करतो हेही खरं. त्याच्यासमोर क्रिस्टोफर प्लमरचा वेलिंग्टन कोरडा, जवळजवळ कंटाळलेला. त्याची नजर सतत मैदानावर. मराठी वाचकाला ही नजर अनोळखी नसावी. १८०३च्या सप्टेंबरात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर असईला उभा राहिलेला आर्थर वेलस्ली म्हणजे हाच वेलिंग्टन. कैलना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये नदी ओलांडायला पायउतार असणारच, असा अंदाज बांधून त्याने तिथूनच फौज पार नेली. जालना जिल्ह्यातली ती नदी ज्याने अशी वाचली, तो वॉटर्लूला माथ्यामागची जागा का निवडतो हे वेगळं सांगायला नको.

पहिला तासभर दरबार, पत्रं आणि नाचगाणी यांत जातो. तिथे जांभई आली तर दोष तुमचा नाही. तेवढी कळ काढा. फक्त मोबाइलवर पाहू नका, नेयच्या हल्ल्यातले ते चौकोन काडेपेट्यांएवढे दिसतील.