इंजिन कोणाच्या हाती द्यावे?

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने ट्रकच्या इंजिनावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नगर जिल्ह्यात राहून ट्रकपासून अलिप्त राहणे कोणालाच साधत नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याच्यामागून कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदे अशी कारखान्यांची रांग लागली, आणि दिवाळी सरली की उसाच्या गाड्यांनी रस्ते भरू लागले. २०२४ पासून शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, पण ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून 'नगर'च आहे, आणि माझ्याही. अशा मुलखात घरटी नाही तरी नात्यागोत्यात एखादा ट्रक असतोच. आमच्याकडे तो सौ.च्या धाकट्या भावाचा आहे.

या मेहुण्याने पतसंस्थेचे कर्ज काढून जुन्या पद्धतीच्या पंपाचा, सहा सिलिंडरचा एक वापरलेला ट्रक घेतला. आधीच्या मालकाने इंजिनात बरेच फेरफार केले होते. नोझल मोठ्या भोकाचे बसवले होते आणि पंपातून जाणारे डिझेल वाढवून ठेवले होते. गाडी सपाटीवर वाऱ्यासारखी जाई, पण मागे काळा धूर सोडी आणि चढावर तापे. हंगाम दोन महिन्यांवर आला होता. ऊसतोडणीच्या टोळीला उचल देऊन झाली होती. गाडी बंद पडली तर पाथर्डी तालुक्यातून आलेली ती माणसे, बायकामुलांसह, फडात बसून राहणार आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येणार. मेहुणा म्हणाला, "दाजी, पंप लावायला चांगला माणूस पाहिजे. प्रत्येक जण वेगळेच सांगतो. तुम्ही बरोबर चला. तुम्हाला इंजिनातले कळत नसले तरी माणसातले कळते."

ही स्तुती होती की टोमणा, हे मी अद्याप ठरवलेले नाही. मात्र त्या निमित्ताने तीन मिस्तरी पाहिले, पुष्कळ विचारले आणि थोडेफार वाचले. त्यातून जे समजले, ते येथे मांडतो.

थेंबाचा हिशेब

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टनने इतकी दाबायची की दाबानेच ती तापून लाल निखाऱ्याच्या जातीची होते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलची बारीक फवार सोडायची; ती आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली असे इंजिन चालवून दाखवले. पण ते ट्रकमध्ये बसण्याजोगे व्हायला नेमकी फवार सोडणारा पंप हवा होता. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून तसे पंप मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली. आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला 'मायको' कंपनी निघाली, आणि १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोचे मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. तेव्हापासून 'पंपवाला' हा एक स्वतंत्र धंदाच हायवेच्या कडेने उभा राहिला. इंग्रजीत ज्याला ट्यूनर म्हणतात, तो आमच्याकडचा हाच पंपवाला.

त्याचे काम किती नाजूक आहे पाहा. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असले, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला एक हजार वेळा डिझेल सुटते. म्हणजे सगळे मिळून सहा हजार वेळा. एका वेळी सुटते ते थेंब-दोन थेंबांएवढे. तेही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाब झाल्यावर नोझल उघडते तेव्हा. हा थेंब सहाही सिलिंडरांत सारखा पडला पाहिजे आणि नेमक्या क्षणी पडला पाहिजे. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो आणि सगळा नाद बदलतो. तशातला हा प्रकार आहे. फरक इतकाच, की तंबोरा बिघडला तर मैफल बिघडते, इंजिन बिघडले तर संसार.

धूर म्हणजे जोर नव्हे

ट्रकवाल्यांत एक समजूत पक्की आहे: काळा धूर निघाला म्हणजे गाडीत दम आहे. ती साफ चुकीची आहे. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये हवा व इंधन मिसळायला सवड थोडी असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त द्यावी लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले, तर आरंभी थोडा जोर वाढतो. पुढे जळायला हवाच उरत नाही आणि अर्धवट जळलेला कोळसा धुराड्यातून बाहेर पडतो. काळा धूर म्हणजे मालकाच्या खिशातले डिझेल. निळसर धूर दिसला तर इंजिनऑइल जळते आहे असे समजावे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर कच्चे डिझेल बाहेर पडत असेल किंवा पाणी आत झिरपत असेल. ट्रकमागे अडकलेल्या मोटारीतल्या मंडळींनाही एवढे निदान करता येईल.

कोणी म्हणेल, मग हवाही वाढवावी. ती वाढवता येते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा कोंबायची. यालाच टर्बो म्हणतात. पण जे इंजिन मुळात टर्बोसाठी बांधलेले नाही, त्याचे पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंग आणि थंडावा देणारी व्यवस्था हा वाढीव भार सोसतीलच असे नाही. शिवाय एक गोष्ट घाटात गेल्याशिवाय समजत नाही. सपाट रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबण्याची वेळ क्षणभर येते. करंजी घाट चढताना भरलेल्या गाडीचे इंजिन सलग पूर्ण ताकदीने चालते. गॅरेजबाहेरच्या चार मैलांच्या फेरीत जे इंजिन खूश दिसते, तेच घाटात पिस्टन वितळवून बसते. आणि जोर वाढला तरी ब्रेक वाढत नाहीत. चढताना मिळवलेली ऐट उतरताना ड्रायव्हरच्या जिवावर येते.

तीन मिस्तरी

पहिल्या मिस्तरीने बॉनेट न उघडताच इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "मालक, आणखी वाढवून देतो. घाटात गाडी उडेल." मेहुण्याचा चेहरा खुलला. मी विचारले, "किती वाढवाल?" "ते कानाने कळते, सर." कानाचा मलाही आदर आहे, पण सहा हजार थेंब कानाने मोजणारा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्याने भंगारातून आणलेला टर्बो दाखवला. मोबाइलवर काळ्या धुराच्या लोटात धावणाऱ्या गाड्यांची चित्रे दाखवली आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले.

तिसरा म्हातारा होता. दुकान लहान, पण आत पंप तपासण्याचे टेस्ट बेंच होते: वर ओळीने लावलेल्या, खुणा केलेल्या काचेच्या नळ्या. पंप त्यावर फिरवला की प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचे डिझेल आपापल्या नळीत पडते आणि कमीजास्त डोळ्यांना दिसते. त्याने पंपाला हात लावण्याआधी प्रश्नच विचारले. गाडीत भार किती असतो? कोणत्या रस्त्याने जाते? चालवतो कोण, मालक की पगारी माणूस? इंजिन शेवटचे कधी खोलले? मग पंपाच्या स्क्रूवरचे तुटलेले शिशाचे सील बोटाने दाखवून म्हणाला, "येथे कोणाचा तरी हात फिरला आहे. आधी कॉम्प्रेशन बघू. इंजिनच दमलेले असेल तर पंप लावून उपयोग नाही."

कॉम्प्रेशन बरे निघाले. बेंचवर मात्र सहा नळ्यांत सहा पातळ्या दिसल्या. काही सिलिंडरांना गरजेहून जास्त, काहींना कमी. मेहुणा म्हणाला, "उस्ताद, जोर कमी नका करू." म्हातारा शांतपणे म्हणाला, "जोर कमी करत नाही, बेटा. चौघांचा जो भार दोघे ओढताहेत, तो सारखा वाटून देतो. पण कंपनीच्या तक्त्याच्या वर मी नेणार नाही. तसे पाहिजे असेल तर दुसरीकडे जा."

नाही म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. गाडी त्याच्याकडेच ठेवली. नोझल मूळ मापाचे बसले, पंप तक्त्याप्रमाणे लागला, टायमिंग तपासले, एअर फिल्टर बदलला. आधीचे आणि नंतरचे माप त्याने कागदावर लिहून दिले. हंगामभर गाडी चालली. करंजी घाट आता ती एक गिअर खाली घालून चढते, आणि मेहुण्याला ते अजून थोडे सलते. पण टोळी एक दिवसही बसून राहिली नाही.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्यांची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बंधने उचलून धरली. म्हणून भंगारातला टर्बो हा केवळ इंजिनाचा प्रश्न नाही. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही तो आडवा येऊ शकतो.

आमच्याच शहराजवळ वाहननगरला डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे. गाडीच्या नमुन्याला मान्यता देण्यासाठी नियमाने नेमलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक आहे. तेथे इंजिन चाचणीच्या यंत्राला जोडून जोर, धूर आणि तापमान मोजूनच निर्णय होतो. जे काम एवढ्या सामग्रीने करावे लागते, ते रस्त्याकडेला अंदाजाने करून देतो म्हणणाऱ्यावर किती विश्वास टाकावा, हे वाचकांनीच ठरवावे.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ मापाच्या झाल्या आहेत. त्यांत पंपाचा स्क्रू नाही. दाब दीड हजार किलोच्याही पुढे जातो आणि थेंबाचा हिशेब संगणक ठेवतो. तेथे मिस्तरी पान्याऐवजी लॅपटॉप घेऊन येतो. पण माणूस पारखण्याची रीत तीच. कंपनीची मूळ नोंद जपून ठेवतो का? धुराची जाळी काढून टाकण्याचा सल्ला तर देत नाही ना? तसा सल्ला देणारा तुमची वॉरंटी आणि दुसऱ्यांची फुप्फुसे एकाच वेळी धोक्यात घालतो.

निवड कशी करावी

तात्पर्य एवढेच. जो आधी विचारतो आणि मग हात लावतो, जो मोजतो आणि माप लिहून देतो, जो एका वेळी एकच बदल करून भरल्या गाडीत बसून फेरी मारतो, त्याच्याकडे जावे. जो केवळ जोराचे आश्वासन देतो, त्याला नमस्कार करून पुढे निघावे. भाषेचा माणूस म्हणून आणखी एक सांगतो: मिस्तरी हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला आणि उस्ताद हा फारसीतून. दोहोंचाही अर्थ गुरू असाच आहे. शिष्याला हवे ते न देता हिताचे देणारा तो गुरू, ही कसोटी गॅरेजातही चालते.

शेवटी वेळेविषयी. पंपाचे काम पावसाळ्यातच उरकावे. दिवाळीनंतर बेंचपुढे गाड्यांची रांग लागते, आणि घाईत लावलेला पंप हंगामाच्या मध्यावर आठवण करून देतो. ज्यांची गाडी अजून धूर सोडते आहे, त्यांनी फराळ आटोपताच ती चांगल्या मिस्तरीला दाखवावी. पहिल्या खेपेची वाट पाहू नये.