नगरपालिकेच्या दारात एक गाऱ्हाणे



दिल्लीचे सरकार आपल्या घरी वर्तमानपत्रातून येते. मुंबईचे सरकार रेशनच्या दुकानातून आणि एस. टी.च्या तिकिटातून येते. नगरपालिका मात्र थेट स्वयंपाकघरातल्या नळातून येते! सकाळी तोटी फिरवली आणि पाणी आले, म्हणजे राज्यकारभार ठीक चालला आहे. नुसतीच हवा फुसफुसली, की राज्यशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेल्या गृहिणीला कळते, की कुठेतरी काहीतरी बिनसले आहे. मग ती पदर खोचते आणि म्हणते, “जरा नगरपालिकेत जाऊन विचारा तरी!”

हे ‘विचारणे’ म्हणजे नेमके काय, कोणाला विचारायचे, आणि विचारल्यावर आत काय काय घडते, हे आज आपण पाहू. ‘तिथं कोणी ऐकत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ज्या यंत्राचा आपल्याला राग येतो त्याची चाके कशी फिरतात हे ठाऊक असले, तर रागाचा उपयोग तरी होतो.

प्रथम थोडा इतिहास. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. आपल्या गावचा कारभार करता करता लोकांना राज्य करण्याचे शिक्षण मिळावे, असा त्यामागचा विचार होता. नगरपालिका त्याआधीही होत्या. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागताच्या शोभेसाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, आणि त्याला विरोधी मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. हा पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. नगरपालिकेतला खरा प्रश्न नेहमी हाच असतो, पाहा. पैसा थोडा असतो आणि गरजा फार असतात. आधी कोणाची भागवायची?

आज आपल्या राज्यातल्या नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. एक लाखावर वस्ती असलेली नगरपरिषद ‘अ’ वर्गातली, चाळीस हजारांवरची ‘ब’ वर्गातली आणि त्याखालची ‘क’ वर्गातली. पुढे चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली व ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. तिने नगरपालिकांना घटनेत जागा दिली, दर पाच वर्षांनी निवडणूक सांगितली आणि पाणी, रस्ते, आरोग्य, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा असे अठरा विषय बाराव्या अनुसूचीत लिहून ठेवले. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ज्यांच्या डोक्यावर हंडा असतो त्या आता सभागृहात बसू लागल्या, ही काही लहान गोष्ट नव्हे.

या गाड्याला दोन चाके आहेत. एक सभागृहाचे आणि दुसरे कचेरीचे. सभागृहात नगराध्यक्ष आणि नगरसेवक बसतात. त्यांना आपण निवडून देतो. कचेरीचा प्रमुख मुख्याधिकारी असतो. त्याची नेमणूक शासन करते आणि त्याची बदलीही शासनच करते. सभागृहाने ठराव करायचा आणि मुख्याधिकाऱ्याने तो अंमलात आणायचा. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. म्हणजे नगरसेवकाला विचारले, तर तो म्हणतो, “साहेब करत नाहीत”, साहेबांना विचारले, तर ते म्हणतात, “ठराव नाही.” दोघेही खोटे बोलत असतात असे नाही. एक चाक अडले की दुसरे जागच्या जागी फिरते, एवढाच त्याचा अर्थ.

आता समजा, गावाच्या टोकाला एक गल्ली आहे. तिथे आठवडाभर पाण्याची धार करंगळीएवढी येते. गल्लीतल्या एक मावशी कचेरीत येतात.

“मावशी, अर्ज आणलाय का?” लेखनिक विचारतो.

“अहो भाऊ, अर्जानं पाणी येतं का?”

मावशींचा प्रश्न बिनतोड आहे. पण लेखनिकाचाही प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि तिच्यावर आवक क्रमांक पडला, म्हणजे ती गोष्ट कचेरीच्या दृष्टीने ‘घडली’. बाजारपेठेतले व्यापारी अर्ज देतात, फोन करतात, त्यांचे शिक्षित चिरंजीव मोबाइलवर तक्रार नोंदवतात. टोकाच्या गल्लीतला मजूर सकाळी सातला कामावर जातो. तो कोणाकडे नोंदवणार? वर्षअखेर नोंदवही उघडली, तर बाजारपेठेच्या तक्रारी पन्नास आणि गल्लीची एकही नाही. वही गप्प आहे म्हणून गल्ली सुखी आहे, असा हिशेब मात्र करू नये.

गाऱ्हाण्यांचे मी तीन प्रकार करतो. पहिला प्रकार रोजच्या कामाचा. तुंबलेले गटार, विझलेला दिवा, न उचललेला कचरा, गळणारी वाहिनी. याला ठराव लागत नाही, निविदा लागत नाही. खात्याचा माणूस, हत्यारे आणि देखरेख एवढे पुरे. असे काम आठ दिवस रेंगाळले, तर तो पैशाचा प्रश्न नसून शिस्तीचा असतो.

दुसरा प्रकार नव्या कामाचा. गल्लीत मोठी वाहिनी टाकायची असेल, तर अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, अर्थसंकल्पात तरतूद, सभागृहाचा ठराव, निविदा आणि कार्यादेश अशा पायऱ्या असतात. हा जिना चढायला महिने लागतात, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तो असावाही. मात्र कागद आज कोणत्या पायरीवर बसला आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात ते विचारता येते, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ठरावाची प्रत मागा, अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तक मागा.

तिसरा प्रकार दाखल्यांचा. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्तेचा उतारा, नवी नळजोडणी वगैरे. यासाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत आणि कोणी द्यायची हे त्याने ठरते. नाकारायची तर कारण लेखी द्यावे लागते. त्यावर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोग. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण बारकाईने पाहा हं! नळजोडणी मुदतीत मिळेल. त्या नळाला पाणी येईलच, असे काही हा कायदा म्हणत नाही. मावशींच्या हातात दाखला आहे, भिंतीवर नळ आहे, आणि हंडा रिकामाच आहे.

मग या टोकाला पाणी का येत नाही? भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिले आहे. पण सरासरीने तहान भागत नाही. जलकुंभातून पाणी निघाले, की पहिल्या घरांना दाब जास्त मिळतो. वाहिनीच्या घर्षणात आणि गळतीत तो कमी कमी होत जातो. त्यातच वाटेवरच्या घरांनी नळाला मोटार जोडलेली असते. ती मोटार म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी पळवण्याचे यंत्रच. याहून वाईट म्हणजे, पाणी एक तास आले आणि तेवीस तास वाहिनी रिकामी राहिली, की ती रिकामी वाहिनी फटींतून बाहेरचे पाणी आत ओढते. शेजारून गटार जात असेल, तर काय आत जाते ते सांगायला नको. काविळीची आणि गॅस्ट्रोची साथ पुष्कळदा अशीच येते. म्हणून टोकाच्या नळावर क्लोरीन तपासावे. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. जलकुंभाखालच्या नळाला क्लोरीन सापडले, यात विशेष ते काय?

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. गळती काढणे, मोटारी जप्त करणे, गावाचे विभाग पाडून झडपा बसवणे, मीटर लावणे. कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, आणि तेही महानगर नव्हे, एक छोटे नगर! पण टोकाच्या गल्लीला अर्धा तास वाढवायचा, तर बाजारपेठेचा अर्धा तास कमी होतो. ही झडप फिरवायला पान्हा लागतो तसे धैर्यही लागते. आणि ते सभागृहाने पुरवायचे असते, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने नव्हे.

पैशाचे काय? नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली. त्याबदली शासनाकडून अनुदान येते. पण स्वतःच्या हातचे उत्पन्न गेल्यावर मान थोडी वाकतेच. आता घरचे मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी व पाणीपट्टी. दर चार वर्षांनी कर-आकारणीची फेरतपासणी व्हायची असते. ती आली, की गावात हरकतींचा पाऊस पडतो, निवडणूक जवळ असली तर सभागृह घाबरते आणि प्रकरण बासनात जाते. पुढे पाणीपट्टीतून पंपांचे वीजबिलही भागत नाही. पट्टी नको आणि पाणी मात्र हवे, असे म्हणणाऱ्या नागरिकानेही क्षणभर आरशात पाहावे. अर्थात, ज्या गल्लीला पाणीच दिले नाही तिच्याकडून पूर्ण पट्टी मागताना नगरपालिकेनेही आरसा जवळ ठेवावा.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी महाडचा इतिहास आठवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळाने केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले; पण प्रत्यक्षात कोणाला ओंजळभर पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि नगरपालिकेने काय केले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला! पुढे तो वाद न्यायालयात गेला, आणि अस्पृश्यांना अटकाव करणारी पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे, हे लिहिणे सोपे. पण ते टोकापर्यंत पोचवणे ही नगरपालिकेची खरी कसोटी.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबत गेल्या. त्या अखेर २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. मधली वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता. मग बिघडले कुठे, असे पुष्कळांना वाटले. बिघडले ते एवढेच, की अर्धा तास कोणाचा काढून कोणाला द्यायचा, हा निर्णय बंद खोलीत होऊ लागला आणि मावशींना दार ठोठावायला ‘आपला माणूस’ उरला नाही. अधिकारी कितीही सज्जन असला, तरी त्याला पुन्हा मते मागायला त्या गल्लीत जायचे नसते.

खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. तिथे उभे राहून सरपंचाला विचारता येते. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या आहेत त्या तीन लाखांवरच्या शहरांना. आपली लहान गावे या दोहोंच्या मध्ये लोंबकळत आहेत. म्हणून आपणच थोडे कष्ट घ्यावेत. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एक अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. पाणी किती वाजता आले, किती वेळ आले, हे महिनाभर एका वहीत लिहावे. शाळेतली मुले हे काम हौसेने करतील. अर्थसंकल्पाच्या दिवसांत, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आपल्या नगरसेवकाला ती वही दाखवावी. पुढच्या निवडणुकीत पाच वर्षांच्या वह्या त्याच्यापुढे ठेवाव्यात. “पाणी येत नाही” याला उत्तर असते, “बघतो”. “तीस दिवसांपैकी एकोणीस दिवस पाणी वीस मिनिटांहून कमी आले” याला मात्र ‘बघतो’ म्हणून भागत नाही.

नगरपालिकेची परीक्षा तिच्या इमारतीच्या घुमटावरून किंवा चौकातल्या कारंज्यावरून करू नका. वाहिनीच्या अगदी शेवटच्या नळाशी जा आणि तिथे हंडा भरायला किती वेळ लागतो ते पाहा. तेवढ्यावरून गावात लोकशाही कितपत पोचली आहे, हे आपल्याला सांगता येईल.