आभासी यंत्र व मेघ संगणन
आभासी यंत्र व मेघ संगणन : एका प्रत्यक्ष संगणकाची संस्करणशक्ती, स्मृती व साठवण यांची वाटणी करून त्यावर परस्परांपासून अलग असे अनेक संगणक चालविण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. अशा प्रत्येक संगणकास आभासी यंत्र ही संज्ञा आहे. संगणनाच्या सुविधा दूरच्या केंद्रातून आंतरजालामार्फत, मागणीनुसार व वापराच्या प्रमाणात मोबदला घेऊन पुरविण्याच्या पद्धतीला मेघ संगणन किंवा क्लाउड म्हणतात. ही पद्धती मुख्यतः आभासीकरणावर आधारलेली आहे.

इतिहास : १९६०–७० या दशकात संगणक अतिशय महाग असल्याने एकच यंत्र अनेकांनी वाटून घेणे भाग होते. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली. तीत प्रत्येक वापरणाऱ्याला संपूर्ण यंत्र आपलेच असल्याचा प्रत्यय येई. १९७२ मध्ये कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणाच्या तीन कसोट्या मांडल्या : आज्ञावलीचे वर्तन मूळ यंत्रावरील वर्तनासारखेच असावे, बहुतेक आदेश प्रोसेसरने थेट पार पाडावेत आणि साधनसामग्रीवर पर्यवेक्षक आज्ञावलीचे पूर्ण नियंत्रण असावे.

कार्यपद्धती : या पर्यवेक्षक आज्ञावलीस हायपरव्हायझर म्हणतात. बेरीज, तुलना यांसारखे सामान्य आदेश प्रोसेसर थेट पार पाडतो. परंतु आभासी यंत्रातील परिचालन प्रणालीने स्मृतीची मांडणी बदलणे किंवा एखादे उपकरण चालविणे यांसारखा आदेश दिल्यास तो अडविला जाऊन नियंत्रण हायपरव्हायझरकडे जाते. तो त्या आदेशाचा परिणाम केवळ त्याच आभासी यंत्रापुरता घडवून आणतो. त्यामुळे एक यंत्र बंद पडले, तरी शेजारची यंत्रे चालू राहतात. शिवाय आभासी यंत्राची संपूर्ण स्थिती माहितीच्या स्वरूपात असल्याने ते जतन करता येते, त्याची प्रत काढता येते आणि चालू असतानाच ते दुसऱ्या संगणकावर हलविता येते.

वैयक्तिक संगणकांत रूढ असलेल्या एक्स८६ जातीच्या प्रोसेसरांत असे काही आदेश अडविले जात नसत. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ते चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती योजून ही अडचण दूर केली. २००५ पासून प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय होऊ लागली.

मेघ सेवा : ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये आभासी यंत्रे तासाच्या दराने भाड्याने देण्यास प्रारंभ केला. मेघ सेवांचे तीन प्रकार मानतात : केवळ यंत्रे व साठवण पुरविणाऱ्या, आज्ञावली रचण्यासाठी तयार मंच देणाऱ्या आणि तयार आज्ञावली वापरू देणाऱ्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली सेवाक्षेत्रे सुरू केली.

मर्यादा : आभासी यंत्रांतील भिंत आज्ञावलीची असली, तरी तिच्याखालील प्रोसेसर सामाईकच असतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांनी याची जाणीव करून दिली. वेग वाढविण्यासाठी प्रोसेसर काही आदेश अंदाजाने आधीच पार पाडतो. त्यांच्या खुणा द्रुत स्मृतीत उरतात व त्यांवरून इतरांची गुप्त माहिती ताडता येते. विशिष्ट परिस्थितीत आभासी यंत्रांमधील भिंतही याला अपवाद नव्हती. यावरील उपायांमुळे काही कामांचा वेग घटला. एका केंद्रातील बिघाड अनेक ग्राहकांना एकाच वेळी बाधतो, ही दुसरी मर्यादा होय. यासाठी महत्त्वाच्या माहितीच्या प्रती अन्यत्र ठेवणे व माहिती सांकेतिक रूपात साठविणे आवश्यक ठरते. यंत्र भाड्याचे असले, तरी त्यातील माहितीची जबाबदारी वापरणाऱ्याकडून पूर्णपणे सुटत नाही.