अँटेना लॅपटॉपच्या बाहेर काढा

बागलाणातल्या नामपूरच्या शिवारात विहिरी, बोअर, ठिबकच्या मुख्य लाइन नकाशावर टाकायला दणकट लॅपटॉप नेला, तर धूळ, ऊन आणि जीपचे हादरे तो मुकाट सोसतो. अडतो तो जीपीएसवर, आणि कारण त्याच्या दणकटपणातच असतं. अशा बऱ्याच लॅपटॉपचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. धातूतून रेडिओलहरी आत जात नाहीत, म्हणून अँटेना कुठल्यातरी कडेला प्लॅस्टिकच्या तुकड्यामागे कोंबलेली असते. तिला आकाश अर्धवट दिसतं, आणि शेजारी प्रोसेसर-मेमरीचा विद्युत गोंगाट अखंड चालू.

सुमारे २०,२०० किलोमीटरवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येणारा जीपीएस उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाहूनही दुबळा असतो. उपग्रहाचा ठरलेला कोड ठाऊक असतो म्हणूनच तो त्यातून हुडकता येतो. त्यामुळे ‘जास्त डेसिबलची अँटेना घ्या’ हा दुकानातला सल्ला अर्धाच खरा. भोंगा मोठा केला की कीर्तनकाराबरोबर मंडपातली कुजबुजही मोठी होते. पाहायचं ते पहिला अॅम्प्लिफायर स्वतःचा गोंगाट किती कमी मिसळतो आणि तो अँटेनाच्या किती जवळ आहे. बारीक केबलीत मीटरमागे साधारण एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा, वाटेतच जिरतो.

घ्यावी ती चुंबकाच्या बुडाची चौकोनी अँटेना. आत बहुधा २५ मिलिमीटरची सिरॅमिक वडी असते. लहर १९ सेंटिमीटरची, तरी सिरॅमिकमुळे एवढ्याशा वडीत भागतं. मात्र तिच्याखाली निदान सात सेंटिमीटर चौरस धातू हवा. जीपचं टप उत्तम, नाहीतर पत्र्याचा तुकडा. उपग्रहाची लहर उजव्या फिरकीची असते. शेडच्या पत्र्यावर आपटून आली की ती बहुतेकदा डावी होते आणि चांगली अँटेना तिला फारसं जवळ करत नाही.

लॅपटॉपचे स्क्रू उघडण्याआधी बाहेरच्या अँटेनासाठी सॉकेट आहे का, बघा. अशा अँटेनातल्या अॅम्प्लिफायरला केबलीतूनच तीन ते पाच व्होल्ट लागतात. लॅपटॉपमधलं जीपीएस मॉड्यूल ते देत नसेल तर ती नुसती शोभेची.

आणि एवढं करूनही चूक दोन-पाच मीटरची राहते. बांधाचा वाद हाताभराचा असतो, तिथे हा जुगाड चालत नाही. मोजणीचे रोव्हर, म्हणजे फिरते रिसीव्हर, एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी वापरतात आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमच्या ‘कॉर्स’ केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत येतात. विहिरीला टपावरची अँटेना पुरते. फक्त पाऊस पडून गेल्यावर डाळिंबाच्या दाटीत उभं राहू नये. पानांवरचं पाणी या लहरी शोषतं, नोंद बागेच्या मोकळ्या कडेवरून घ्यावी.