सुरांचे बिऱ्हाड

सिम्फनी म्हटली, की देशोदेशी संचार करणारा मोठा युरोपीय वाद्यवृंद डोळ्यांपुढे उभा राहतो. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१९ मध्ये ब्रिटनचा दौरा केला, तेव्हा झाकीर हुसेन यांचा तबलाही त्याच्या साथीला होता. परंतु सुरांचे बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडण्याची महाराष्ट्राची परंपरा याहून पुष्कळ जुनी असून, तिच्या पोषणात करवीर (कोल्हापूर) संस्थानचा वाटा फार मोठा आहे.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटक मंडळ्यांचा काळ सुरू झाला. मंडळीचा व्यवस्थापक आगाऊ जाऊन थिएटर भाड्याने ठरवी, परवाना मिळवी, बिऱ्हाडाला वाडा पाही. मागून पडदे, पोशाख, वाद्ये आणि आचारी यांच्यासह सारा लवाजमा येऊन मुक्काम पडे. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर हा अवजड सरंजाम करवीरात आणणे सुकर झाले.

कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी या फिरत्या कलेला हक्काचे घर दिले. अल्लादिया खाँसारख्या गवयाला त्यांनी दरबारात आश्रय दिला आणि १९१५ साली पॅलेस थिएटर पूर्ण करविले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने ओळखले जाऊ लागले.

कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली देऊन नाट्यसंगीताचा रंगच पालटला. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला अशी साथ जमली. ऑर्गनचा भाता पायाने चालत असल्याने वादकाचे दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे राहत. त्याच्या भरीव, अखंड नादावर सारंगी गायकाच्या गळ्यामागून बारकाईने चाले, आणि ध्वनिक्षेपक नसतानाही गाणे भरून राही. ज्यांना दरबारी मैफलीचा उंबरठा दुर्लभ होता, अशा सामान्य माणसांच्या कानांवर रागदारी पडली ती अशा मुक्कामांतून.

कोल्हापुरातच जन्मलेल्या केशवराव भोसल्यांनी १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हुबळीस ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी काढली आणि आपल्या तेजस्वी गळ्याच्या बळावर ती महाराष्ट्र-कर्नाटकात गाजविली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या दोन्ही मंडळ्यांच्या संयुक्त ‘मानापमाना’त ते धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवरावांचे निधन झाले. मंडळी मात्र थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा खांद्यावर घेतली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि साऱ्या करवीरनगरीने त्याचा शोक केला. वास्तू उभारणे हे शासनाचे काम खरे. परंतु वास्तूने मंडळी जगत नाही, ती जगते तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर. छत्रपतींनी घर दिले, कलावंतांनी त्यात सूर भरले. आता आपल्या गावी एखादी मंडळी मुक्कामास आली, तर रसिकांनी ते सभागृह रिकामे राहू देऊ नये, एवढीच विनंती.